जरासंच राहिलंय

ये रं बाळू, इकडं जवळ सरक. पुण्यात बसलायस म्हणून काय झालं, हे वाचताना तरी आजीच्या मांडीला मांडी लावून बस. खरंच जवळ असतास तर आधी कान पिळला असता. परवा फोनवर म्हणालास, "आजी, जुनी मोटार घेतलीय, सगळी खोलून नव्यासारखी करायलोय. जरासंच राहिलंय. झाली की त्याच मोटारीतनं तुला भेटायला येतो." वर कौतुकानं हेही सांगितलंस की तुम्ही सगळे मित्र रविवारी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमता आणि एकमेकांच्या गाड्या बघत बसता. मी फोन खाली आपटला. म्हातारपणानं नव्हे, संतापानं. 'जरासंच राहिलंय' हे शब्द ऐकत माझं लहानपण गेलंय.

ते म्हणायचा माझा सख्खा चुलता. गावात त्याला मोटारअण्णा म्हणत. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करावं हे मला ठाऊक आहे, पण त्या मोटारीपाशी आलं की माझी जीभ आपोआप एकेरीवर येते. हा माणूस आपल्याच बैलांना भोंगा वाजवायचा. मोटारीपुढं दोरानं बैल जुंपलेले, अण्णा आत चाक धरून बसलेला, डोळ्यांवर धुळीचा मोठा चष्मा, आणि चार पावलं झाली की पों पों! बैल त्याचे, दोर त्याचा, मोटार त्याची. बाजूला व्हायचं कुणी? बैल मान वळवून एकदा बघायचे आणि पुन्हा ओढायला लागायचे. त्या तिघांत अक्कल कुणाला जास्त, हे लहानपणीच मला कळलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य. आमचं गाव कल्याणीपासून दोन कोसांवर. आता तिला बसवकल्याण म्हणतात. कुण्या जहागीरदारानं टाकून दिलेली, कोंबड्यांनी अंडी घातलेली मोटार अण्णानं कुठनं तरी ओढत आणली आणि गोठ्यात उभी केली. बैल बाहेर पावसात, मोटार आत. मग तिचं हाडन् हाड सुटं केलं. एक भाग जात्यावर, एक देवळीत, बारके नट काकूच्या मसाल्याच्या डब्यात. एकदा आमटी खाताना माझ्या वडिलांच्या दाताखाली कच्चकन काही तरी आलं. वडील गाल धरून कळवळले. अण्णानं त्यांच्या तळहातावरनं तो नट उचलला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "हाच! आठ दिस झाले शोधायलोय मी!" दात पडला का राहिला, एका शब्दानं विचारलं नाही.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या मोटारीखाली माझी काकू आली होती. चाकाखाली नव्हे; शब्दाखाली.

काकूचं माहेर भालकी तालुक्यातलं मेहकर. बैलगाडीनं पहाटे निघालं की दिवस बुडता बुडता पोचावं, एवढीच वाट. घरी म्हातारी आई एकटी. मोटार आणली त्याच दिवशी अण्णानं चारचौघांत शब्द दिला, "आता हिला माहेरी मोटारीतनंच नेणार." सासूबाईंनाही निरोप धाडला. तिकडं म्हातारीनं साऱ्या मेहकरात सांगून ठेवलं, लेक मोटारीतनं येणार म्हणून. आणि झालं, काकूचं माहेर बंद! सणाला गाडी जुंपायची गोष्ट निघाली की अण्णा उखडायचा. "मोटारवाल्याची बायको बैलगाडीत? लोक त्वांडात शेण घालतील की माज्या. थांब जरा. जरासंच राहिलंय."

काकू म्हणायची, "आई म्हातारी हाय वो. तिचं बी जरासंच राहिलंय."

त्यावर अण्णा कानस घेऊन मोटारीखाली शिरायचा. अवघड प्रश्न आला की त्याला मोटारीखाली हमखास काही तरी दुरुस्तीला सापडे.

एका येळवशीला मात्र ती मोटार खरंच चालली. आमच्याकडं वेळ अमावास्येला सारं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजून पालेभाज्या-शेंगांची भज्जी अन् आंबील खातं. अण्णानं हँडल मारलं आणि इंजीन धडधडलं. "बस, आधी रानात, मग थेट मेहकर!" काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. मोटार ओढ्यापर्यंत गेली, एक आचका दिला आणि मेली. सगळी आंबील काकूच्या अंगावर अन् गादीवर सांडली. अण्णानं खांद्यावरचा पंचा काढला आणि आधी गादी पुसली. काकू तशीच थबथबत बसलेली. मग बैल आणले. लुगड्यावरची आंबील वाळवत काकू सगळ्या गावासमोरनं घरी आली. पुढं बैल, आणि आत पों पों.

तुझे रविवारचे मित्र सांगितलेस ना? अण्णाचेही होते. कल्याणीच्या बाजाराच्या दिवशी चिंचेखाली मोटारवाल्यांची बैठक भरे. एक वकीलसाहेब, एक मन्सबदारसाहेब आणि आणखी दोन-तीन रिकामटेकडे. कुणी दिवा दाखवायचा, कुणी टप. मन्सबदारसाहेब अण्णाच्या मडगार्डावरनं हात फिरवत म्हणायचे, "क्या गाडी हाय अण्णासाब! दुल्हन हाय, दुल्हन!" आणि अण्णा लाजायचा, खुद्द नवरीसारखा. गंमत अशी की यातली एकही मोटार आपल्या पायांनी येत नसे. जो तो बैल लावून यायचा, जुन्या भिंतीआड बैल सोडून बांधायचा आणि तिथनं गड्यांकडनं ढकलत ढकलत ऐटीत चिंचेखाली यायचा. प्रत्येकाच्या दिव्यावर ताजं शेण उडालेलं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. उलट वकीलसाहेब विचारायचे, "काय अण्णा, वाटेत इंजीन तापलं नाही ना?"

रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत मेहकरचा माणूस आला. म्हातारीनं अंथरूण धरलंय, लेकीचं नाव घ्यायलीय. काकूनं हातातलं पीठ झटकलं आणि गोठ्याकडं धावली. गोठा रिकामा! बाजाराचा दिवस, बैल मोटार ओढायला कल्याणीला गेलेले. गावातले बाकीचे बैल शेतात, तिफणीला. पेरणी सोडून कोण देतो?

काकूनं डोक्यावर पदर घेतला. मला म्हणाली, "चल गं." मी मागनं पळत होते, तिच्या पावलाला पाऊल मिळत नव्हतं.

चिंचेखाली बैठक रंगलेली. अण्णा बोनेट उघडून सांगत होता, "आता जरासंच राहिलंय." काकूला बघून तो गडबडला. "तू? इकडं कामून आलीस?"

"आई चाललीय. बैल पायजेत."

"हळू बोल की! मानसं हायत. परवा इंजिनाचा पट्टा येतोय, मग मोटारीतनंच—"

काकू पुढं काही ऐकायला थांबली नाही. थेट भिंतीआड गेली, आमचे दोन्ही बैल सोडले आणि कासरा धरून बरोबर बैठकीच्या मधनं घेऊन आली. वकीलसाहेब एकदम आभाळाकडं बघायला लागले. मन्सबदारसाहेब पान शोधायला लागले. सोबती चालले म्हणून भिंतीआड राहिलेले सगळ्यांचे बैल एकदम हंबरले, आणि बाजारातली माणसं हातातली भाजी टाकून हसायला लागली.

"अगं, मी घरी कसा येऊ?" अण्णा केविलवाणा होऊन म्हणाला.

"मोटार हाय की तुमची. मी निस्तं इंजीन नेते," काकू म्हणाली, आणि मागं वळून बघितलं नाही.

घरी येऊन तिनं स्वतः गाडी जुंपली. मलाही बरोबर घेतलं. वाटेत एका देवळात मुक्काम करून सकाळी मेहकरला पोचलो. म्हातारी जिवंत होती, पण डोळे गेलेले. तिनं काकूचा चेहरा चाचपला आणि पहिला प्रश्न विचारला, "मोटारीतनं आलीस व्हय गं?"

काकूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि आईचा हात गालाशी धरला. मग म्हणाली, "व्हय आई. मोटारीतनंच."

बाहेर बैलांनी माना हलवल्या, घुंगरमाळा वाजल्या. म्हातारी कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "ग्वाड हाय गं भोंगा." त्याच संध्याकाळी ती गेली.

अण्णा मागनं आला. चालत. पायात काटे, अंगावर धूळ, आणि ह्या वेळी डोळ्यांवर चष्मा नाही. काकूनं त्याला घुंगरांचं सांगितलं तेव्हा तो दारातच खाली बसला. गावी परतल्यावर त्यानं मोटारीचा भोंगा सोडला आणि बैलगाडीच्या दांडीला बांधला. पुढं वर्षानुवर्षं काकूला कुठं जायचं असलं की तो स्वतः गाडी जुंपायचा, आणि गाव सोडेस्तोवर पों पों करायचा. काकू एकदाही हसली नाही. गोठ्यात बैल परत आले. मोटार बाहेर पावसात गेली, आणि निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास गंजून जमिनीत बसली. काही लोक म्हणतात, अण्णा सुधारला. मी म्हणत नाही. म्हातारीला डोळे होते तेव्हा सुधारायचं होतं.

तर बाळू, तुझी मोटार तुला लखलाभ. तिचं जे राहिलंय ते राहू दे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, डाव्यानं अजून माणूस ओळखू येतो. उमरग्याहून इकडं कल्याणीला लाल बस येते. खिडकीला धूळ असते, सीट फाटकी असते, पण ती येते. ह्याच आठवड्यात तिच्यात बस आणि ये. मी भज्जी करून ठेवते.