धर्मापुरीला वाढलेलं रान

"चढ बे, बैला! गाडी हालली!"

पॅसेंजरच्या दारात लोंबकळत विष्णू ओरडत होता आणि मी परळीच्या फलाटावर भज्यांचा पुडा छातीशी धरून धावत होतो. असा धावलो की इंजिनाच्या पुढे निघून मागं यावं लागलं — बरं, तेवढं नाही, पण धावलो. शेवटी त्यानंच मनगट धरून मला आत ओढलं.

त्या दिवसाचं पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गावात, सिरसाळ्यात, माझ्या तोंडून रोज दहा गोष्टी निघतात, त्यातल्या नऊ थापा. ही खरी — म्हणूनच निघाली नाही.

निघालो होतो धर्मापुरीचं केदारेश्वराचं जुनं देऊळ बघायला. म्हणजे गावात तसं सांगितलं. खरं तर विष्णूला मुलगी बघायची होती. घरी पोहे झाले, नकार आला की गावभर बोभाटा होतो. त्यापेक्षा देवळात सहज गाठ पडल्यासारखं करू, असं मुलीच्या मामांनीच सुचवलं होतं. आमच्याकडे शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं काय असतं, ठाऊक आहे ना? मला विचारा. मला इतके नकार आलेत की जिल्ह्यातले पोहे मला नावानं ओळखतात.

घाटनांदूरला उतरून ऑटोनं देवळात पोचलो. मामा आणि मुलगी आधीच आलेली. भिंतीवर दगडी बायका एकीपेक्षा एक. मी लगेच सुरू — आमच्या खापरपणजोबानं यातला एक दगड एका खांद्यावर आणला, दुसऱ्या खांद्यावर बैल होता, तो दमला म्हणून! मामांनी जांभई दाबली. मुलगी चपलेकडे बघत राहिली.

मग आरशात बघणाऱ्या एका मूर्तीपुढं विष्णू थांबला आणि हळूच म्हणाला, "हिचं अजून आवरलं न्हाई."

ती हसली. ओढणी तोंडावर दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तुमचं कधी जळलंय असं? चार शब्द! विष्णूला बोलतं करायचं तर बैलजोडी लावावी लागते, आणि हसवणं — ते तर माझं होतं ना?

तेवढ्यात मामांनी मला देवळामागं नेलं. घरचे गोडच बोलणार, खरं काय ते दोस्ताला एकट्याला गाठून विचारायचं, ही आमच्याकडची रीतच.

"रान किती हाय वो पाव्हण्याला?"

मला ठाऊक नव्हतं का? भावाभावांची वाटणी झाली तेव्हा बांधावर विष्णूसोबत टेप धरून मीच तर फिरलो होतो. तीन एकर. कोरडवाहू.

"पंधरा," मी म्हणालो. "सगळं बागायत. दोन विहिरी."

सवयीनं थाप गेली — परतीच्या गाडीत मी स्वतःला हेच सांगत होतो. विष्णूनं मला खिडकी दिली होती. पण थाप मारताना मी हात नाचवतो, डोळे मोठे करतो. तिथं मी आवाज खाली घेतला होता. मामा रान बघायला येणार, हे मला माहीत होतं. दोस्ताला त्यानंच पढवलं असं वाटून खोटा विष्णू ठरणार आणि मी मात्र दोस्ताची तारीफ करणारा. निंदा करून सोयरीक मोडणारे पुष्कळ असतात. मी तारीफ करून मोडली.

मामा आठवडाभरात आले. बांधावर उभे राहिले. "तीनच हाय म्हनला असता तरी दिली असती," म्हणाले. "खोट्याच्या घरात न्हाई." पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढं तिचं लग्न तलवाड्याला झालं. विष्णूचं अजून नाही.

मामा गेले त्या संध्याकाळी मी त्याच्या रानात गेलो. तो तुरीत खुरपत होता. म्हणालो, "तुझ्या भल्यासाठी जरा वाढवून बोललो रे."

त्याचं खुरपं थांबलं नाही.

"वाटणीला टेपचं दुसरं टोक तूच धरलं व्हतं," तो म्हणाला.