काठमांडूच्या अलीकडे

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडचं दूध आटलं. मी दूध संघाचा गवळी. सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून आसपासच्या गावांचं दूध सिरसाळ्याला आणायचो. जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेली आणि माझे कॅन पालथे पडले. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. नेमक्या त्याच दिवसांत संघाच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की सहकाराचा संदेश घेऊन पाच तरुणांनी सायकलवर नेपाळला जावं. दूध नसलेल्या संघाला काहीतरी करून दाखवायचं होतं.

म्होरक्या अध्यक्षांचा मुलगा. दोघे त्याचे मित्र. सायकल चांगली हाणतो म्हणून मी, आणि पाचवा माझ्याच गावचा माझा दोस्त. त्याला सायकल मीच शिकवली होती. "ह्यो आला तरच मी येतो," असं मी अध्यक्षांना सांगितलं होतं.

सीमेपर्यंत सगळ्यांची पंक्चरं मीच काढली. नेपाळात शिरलो आणि माझ्या पायातला जीव गेला. अन्न समोर आलं की मळमळायचं. उतरून ओकायचो, तोंड पुसायचो, परत बसायचो. एका सकाळी लघवी हळदीसारखी पिवळी झाली. दोस्तानं माझी पापणी ओढून पाहिली.

"कावीळ हाय बे तुला."

डोंगराचा चढ जिथं लागतो, त्या वस्तीत एका चहाच्या दुकानापुढं आम्ही थांबलो. अध्यक्षांचा मुलगा म्हणाला, "तू हितंच ऱ्हा. बरं वाटलं की गावाकडं जा."

"एकटा?"

"मग समद्यांनी मागं फिरायचं का? काठमांडूत सत्कार ठरलाय आपला."

"थोडं थांबलो तर? उतरंल की."

त्यांचे टायर झिजले होते, म्हणून माझ्या सायकलीचे काढून घेतले. डोक्यावरची संघाची टोपीसुद्धा घेतली. मी दोस्ताकडं पाहिलं. तो खाली मान घालून माझा टायर स्वतःच्या चाकावर चढवत होता. नीट बसत नव्हता. शेवटी मीच म्हणालो, "पलीकडून दाब." त्यानं दाबला. मग ते गेले.

दुकानवाली बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "भाई हैं तुम्हारे?" मी नाही म्हणालो. तिनं पोत्यांच्या खोलीत मला अंथरूण घातलं, मीठ घालून भाताची पेज पाजली. अंगाला अशी खाज सुटायची, की मी भिंतीला पाठ घासत बसायचो. दुकानामागं ओढा खळखळत होता. त्याचा मला राग यायचा. आमच्याकडं आई हंडाभर गढूळ पाण्यासाठी विहिरीच्या तळाला उतरत असेल, आणि इथं एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय, त्यातला एक घोट माझ्या पोटात ठरत नाही.

उभं राहता येऊ लागल्यावर बिनटायरची सायकल मी त्या बाईलाच दिली आणि निघालो. कशाबशा गाड्या बदलत परळीला उतरलो, तिथून एसटीनं गावी. आई खडी फोडून नुकतीच आली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोन पायजे?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष अण्णा स्वतः जीप घेऊन दारात.

"काऊन आलास बे असा? पाची जन काठमांडूला पोचले म्हणून पेपरात आलंय."

"मला कावीळ झाली, अण्णा. टाकून गेले मला."

"झाली आसंल. पन आता गावात दिसू नको. मिरवणुकीच्या दिवशी बोलवून घेतो."

वडील मधे बोलले नाहीत. दुष्काळी कामाच्या हजेरीवर माणसं अध्यक्षांच्या शब्दानंच लागत होती. त्याच जीपनं मला धर्मापुरीला मामाकडं नेऊन सोडलं.

सत्काराच्या दिवशी जीप खरंच आली. ड्रायव्हर म्हणाला, "सिरसाळ्याच्या अलीकडून सायकलीवर बसायचं, हार घालून घ्यायचा, बास."

"न्हाई येत म्हणावं."

तो जीप वळवून गेला. मामा मात्र तमाशा बघायला गेलाच. परत आला तो अंगणातच पायावर पाणी घेत म्हणाला, "अध्यक्षांच्या भाच्याला बसवलं तुझ्या जागी. तुझंच नाव घेऊन हार घातला त्याला."

"कुनी वळखलं न्हाई?"

"वळखलं की. कोन बोलतंय?"

पुढच्या साली पाऊस झाला, दूध परत सुरू झालं. माझी गावं दुसऱ्या गवळ्याला दिली होती. दोस्त संघात कारकून म्हणून चिकटला. मी धर्मापुरीत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिकडंच राहिलो. त्यानं कधी निरोप धाडला नाही, मीही नाही.

कितीतरी वर्षांनी पाटोद्याला एका लग्नात पंगतीला तो माझ्या शेजारी येऊन बसला. केस पांढरे झाले होते. समोरच्या पोरांना काठमांडूच्या गोष्टी सांगायला लागला. थंडी कशी होती, लोकांनी कसं उचलून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्याला इचारा. ह्यो बी व्हता की."

"मी कुठं व्हतो बे तितं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांत लाज शोधत होतो. लाज नव्हती. चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"आसं काय करतो? व्हतास की. मिरवणुकीच्या फोटूत हायेस तू."

त्याला खरंच तसं वाटत होतं. वाढप्याला हाक मारून त्यानं माझ्या पानात बुंदी वाढायला लावली. मी ती तशीच पानात ठेवून उठलो.