सगळे खेळ हरणारे दाजी

कम्प्युटरवरचा एकूण एक खेळ हरून त्या प्रत्येकाविषयी ठाम मत बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी. नव्वदीच्या मध्यावर मी बारामतीत कम्प्युटरचा क्लास काढला होता. दाजी निमगाव केतकीच्या अलीकडं राहायचे. ऊस, थोडं डाळिंब, दोन म्हशी असा त्यांचा संसार. बाजाराच्या दिवशी एस.टी.नं यायचे, भाजीची पिशवी दाराआड ठेवायचे आणि दुपारी पोरं जेवायला गेली की रिकाम्या मशीनपुढं बसायचे. मशीनला धूळ चालत नाही म्हणून मी दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी लावली होती. दाजी चपला तर काढायचेच, वर बाहेरच्या नळावर हातपाय धुऊन, उपरण्याला पुसून मगच आत पाऊल टाकायचे. त्यांचं बघून दोन-तीन विद्यार्थीही पाय धुवायला लागले आणि माझ्या फरशीवर दिवसभर चिखल राहू लागला.

सुरुवात वरून विटा पडणाऱ्या खेळानं झाली. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, तेवढे गुण मिळतात, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. दाजींना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी सुबक भिंत रचली आणि प्रत्येक ओळीत मुद्दाम एक घर मोकळं सोडलं. भिंत वरपर्यंत गेली, खेळ संपला, मशीननं हरल्याचा आवाज काढला. दाजी खुशीत मागं रेलले. ‘‘पाव्हणं, बघा, खिडक्या ठिवल्या. आता हाय का बिशाद कुणाची पाडायची?’’ मी म्हटलं, दाजी, तुम्ही हरलात. ते म्हणाले, ‘‘घर तर झालं.’’

मोटारींच्या शर्यतीत ते कायम शेवटी. वळण आलं की ब्रेक, मागून कोणी आलं की बाजूला. त्या खेळावर त्यांचा आक्षेप वेगळाच होता. ‘‘एवढा लांब रस्ता आन एक म्हस आडवी न्हाय, उसाची ट्रॉली न्हाय. ज्यानं हा खेळ केलाय त्यो कधी रस्त्यानं गेलेलाच न्हाय.’’ बंदूक घेऊन बोळाबोळांतून फिरायचा एक खेळ तेव्हा पोरांचा जीव की प्राण होता. दाजींनी आधी मला विचारलं की ह्यांचं भांडण कशावरनं आहे. मला सांगता येईना. मग त्यांनी गोळी झाडायचा विचारच सोडला आणि गोळ्या खात खात बांधकाम बघत फिरले. भिंती जाड आहेत, पण आत वारा कुठून येणार, असा शेरा मारून ते मेले. बुद्धिबळाच्या खेळाला मात्र ते मान द्यायचे, कारण तिथं मशीन बोलण्याआधी विचार करतं. फक्त प्यादं पहिल्याच खेपेला दोन घरं चाललं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांच्याकडं पारावर प्यादं एकच घर चालायचं. मशीननं दोन घरं टाकली की ते माझ्याकडं वळून म्हणायचे, ‘‘बघितलं का, लबाडी करतंय.’’

या सगळ्यांतून त्यांचं मन बसलं ते गाव वसवायच्या खेळावर. मोकळं रान, मधून नदी, आणि आपण सरपंच. पहिल्या दिवशी दाजी बराच वेळ नुसतं नदीकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हिला जरा वळण देता येतं का?’’ मी वळण कसं द्यायचं ते दाखवलं. दर आठवड्याला गाव थोडं थोडं वाढायला लागलं, आणि मला आपलं वाटत होतं की दाजी एकदाचे खेळात रमले. पण पडद्यावर सूचना यायच्या, मी त्या वाचून सांगायचो आणि दाजी फेटाळून लावायचे. लोकांना क्रीडांगण हवंय? ‘‘तालीम हाय की.’’ विमानतळ हवाय? ‘‘कुठं जायचंय त्यास्नी?’’ वीज असल्याशिवाय घरात माणूस राहायलाच येईना, तेव्हा नाइलाजानं त्यांनी पार कडेला एक वीजकेंद्र उभं केलं आणि मला बजावलं, ‘‘ह्याच्याकडं तुमी बघायचं न्हाय. हे नव्हतं.’’

‘नव्हतं’ म्हणाले तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. दाजींचं भीमाकाठचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. ते जाणते होते तेव्हा, ऐन विशीत. अक्का लग्न होऊन आली ती थेट नव्या जागेतल्या पत्र्याच्या घरात. तिनं ते गाव कधी पाहिलंच नाही. दाजींकडं त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. तिला दाखवायचं म्हणून चाललं होतं हे सगळं. मी विचारलं, मग आणत का नाही तिला? तर म्हणाले, अजून घाटाची बाजू जमली नाही, पूर्ण झालं की आणतो. त्या पूर्ण होण्याच्या नादात वर्ष लोटलं.

आणि मग कुणीतरी बाहेरून आणलेल्या फ्लॉपीतून मशीनला व्हायरस लागला. पुण्याहून येणाऱ्या मेकॅनिकनं फोनवर साफ सांगितलं की सगळं पुसावं लागेल, आणि आतलं काही उतरवून ठेवलं तर रोगही त्याच्याबरोबर परत येईल. सोमवारी तो यायचा होता. मी शनिवारी सकाळी दाजींच्या घरी गेलो. हे कोणत्या तोंडानं सांगायचं याचीच मला वाटेत धास्ती वाटत होती. दाजींनी ऐकून घेतलं, म्हशीपुढं वैरण टाकली आणि म्हणाले, ‘‘म्हंजी नोटीस आली म्हणायची.’’ मग त्यांनीच विचारलं, ‘‘उद्या हिला घिऊन आलो तर चालंल का?’’

रविवारी दुपारी अक्का आली ती लग्नकार्याला जावं तसं ठेवणीतलं पातळ नेसून, आणि चेहऱ्यावर ‘ह्या माणसाचं काय करावं’ असा भाव. दाजींनी तिलाही नळावर पाय धुवायला लावले. मशीन चालू झालं, गाव आलं. दाजी बोटानं दाखवत गेले. हा पार, ही चावडी, इथं तालीम, हे मारुतीचं देऊळ. घाट अजूनही जमला नव्हताच, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. अक्कानं खुर्ची पुढं ओढली. मला वाटलं, हिला यातलं काय कळणार, नुसते चौकोन तर आहेत.

‘‘आपलं घर कुठलं?’’ तिनं विचारलं.

दाजींनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

‘‘आन पाणी कुठनं भरायचं?’’

‘‘ही इथं हिर.’’

अक्कानं पदरानं चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकून घर ते विहीर अंतर बघितलं. ‘‘लांब पडत आसंल,’’ ती म्हणाली.

‘‘लांबच व्हती,’’ दाजी म्हणाले. ‘‘आई लई दमायची.’’

‘‘परसात एक शेवगा लावा की. कायतरी सावली.’’

त्या खेळात झाड एकाच जातीचं मिळायचं. दाजींनी ते घरामागं लावलं. मी चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो तो डोळे पुसूनच आत आलो.

सोमवारी मेकॅनिकनं मशीन पुसलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अक्काच्या घरात नळ आलाय. सूनबाई कधी पाण्यावरनं कुरकुरली की अक्का चुलीपासून आवाज देते, ‘‘आमच्या जुन्या गावात हिर केवढी लांब व्हती, तरी भरतच हुतो आमी.’’ तिला कोणी अडवत नाही. दाजी ओसरीवर बसलेले असतात. ते मान हलवतात आणि म्हणतात, ‘‘व्हय. लई दमायची ही.’’