सहा नंबरच्या कॅमेऱ्यातली पिवळी साडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. जेसल पार्कातल्या आमच्या शेजारणींना तर माझ्या डब्यात काय आहे तेसुद्धा माहीत असतं — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतेय.

मात्र आधी माझी बढाई ऐकावी लागेल, त्याला इलाज नाही. कारण तो दिवस माझा होता. आजही छाती ठोकून म्हणते, माझाच होता!

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. काशिमीऱ्याच्या बाजूला हायवेची कंट्रोल रूम होती, तिथे मी ऑपरेटर. आठ स्क्रीन, एक वायरलेस, एक टेलिफोन, एक रजिस्टर. दर दहा मिनिटांनी एकेक कॅमेरा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचं — 'सुरळीत'. वडील रत्नागिरीहून आलेले, जन्मभर दुसऱ्याचे हुकूम ऐकलेले. पोरगी हुकूम सोडते याचं त्यांना कोण कौतुक! आणि मी सोडायचेही. आवाज माझा असा खणखणीत, की वायरलेसवर एकदा ऐकला की माणूस विसरत नसे. क्रेनवाले मला टरकून असायचे.

मे महिना होता, सकाळचे अकरा वाजून गेलेले. ड्यूटीवरचा जोडीदार रजेवर, मी एकटी. डोंगराकडच्या उतारावर गॅसचा टँकर आडवा झाला. गळायला लागला.

मी काय केलं, ऐका. दोन मिनिटांत फायर ब्रिगेड. दोन्ही बाजूंचा ट्रॅफिक बंद. ठाण्याकडच्या गाड्या घोडबंदर रोडला वळवल्या. पेट्रोलिंगच्या पोरांना वायरलेसवरून ओरडून सांगितलं — इंजिनं बंद करायला लावा, हॉटेलातल्या चुली विझवा, कुणी विडी काढली तर हातावर मारा! एक मोठे साहेब मध्येच फोनवर काहीतरी विचारत होते, त्यांना म्हटलं, "साहेब, नंतर." साहेबांना! चाळीस मिनिटं मी अख्खा हायवे हातात धरला होता. ड्रायव्हरला जिवंत बाहेर काढलं. कुणाला ओरखडा नाही. वायरलेसवर सगळी पोरं ओरडली तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि एकटीच नाचले. खरंच नाचले.

मग काय! शाल, श्रीफळ, लोकल पेपरात फोटो. सोसायटीने केक कापला. वडिलांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि देवाच्या फोटोशेजारी टांगलं. पेपरात छापलं होतं — घारीची नजर, टँकर पडताक्षणी कॅमेऱ्यात हेरला.

हेरला? मी?

आता येते. जरा जीभ अडखळतेय, पण येते.

टँकर पडला तो सहा नंबरच्या कॅमेऱ्यासमोर. आणि सहा नंबरमध्ये मला रस्ता मोकळा दिसत होता. वळणावर एक मोटारसायकल, मागे पिवळ्या साडीतली बाई. साडी काय सुंदर! वटपौर्णिमेला असलीच घ्यायची, असंसुद्धा मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाय, टँकर आरवा परलाय उतारावं. वास येतंय. गाड्या थांबवा." मुर्धा गावचा माणूस होता. उतारावर शिरीषाच्या झाडाखाली ताडगोळे विकायचा, समोरच्या हॉटेलातून बोलत होता. मी स्क्रीनकडे पाहिलं. रस्ता मोकळा. म्हटलं, काका, मला इथे दिसतंय, चेष्टा करू नका.

त्याने परत लावला. "खोटा न्हाय बोलत, बाय." मी त्याला पोलिसांची धमकी दिली. माझ्या त्या खणखणीत आवाजात.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काय केलं असेल? रिसीव्हर उचलला आणि न बोलता टेबलावर काढून ठेवला. म्हणजे त्याचाच नाही, कुणाचाच फोन लागणार नाही. रजिस्टरात लिहिलं — 'सुरळीत'.

मग पाच नंबरमध्ये गाड्या तुंबायला लागल्या. पाच तुंबलेला आणि पुढचा सहा मोकळा? असं कसं होईल? नीट बघितलं. पिवळी साडी अजून वळणावरच होती. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा दहा, भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. चित्र थिजलं होतं हो! वीस मिनिटं मी एका फोटोवर पहारा देत बसले होते. रिसीव्हर जागेवर आपटला, परत उचलला आणि फायर ब्रिगेडला लावला.

माझी ती चाळीस मिनिटं तिथून पुढची. आधीची वीस कुणी सांभाळली? पेट्रोलिंगचा पोरगा पोचल्या पोचल्या वायरलेसवर म्हणाला होता, "मॅडम, एका ताडगोळेवाल्याने टोपल्या रस्त्यात आडव्या टाकून गाड्या आधीच रोखल्यात. वरच्या बाजूला तो, खालच्या बाजूला त्याची बायको." मी म्हटलं, "बरं, पुढचं बोल." संध्याकाळी रिपोर्ट मीच लिहिला. त्यात फोन आले नव्हते. कॅमेरा थिजला नव्हता. ताडगोळेवाला नव्हताच.

पंधराएक दिवसांनी तो आला. साहेबांनी सुरक्षेसाठी म्हणून उतारावरचे सगळे विक्रेते उठवले होते. हॉटेलात कुणीतरी त्याला माझा फोटो दाखवलेला. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. दारातच उभा राहिला.

"मी तीन येला फोन लावला. कोन बाय व्हती, मनाच दम दिला. बरा झाला तुमी पायलंव." मग म्हणाला, "तुमचा शब्द साहेब मोडनार न्हाय. तेवरी झाराखालची जागा ठेवा सांगा. बापापासून बसतंय तिथं."

मी तोंड उघडलं असतं तर त्याने आवाज ओळखला असता. म्हणून — काय केलं सांगू? गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. घसा बसलाय, अशी खूण.

"बसनारच," तो म्हणाला. "तवऱ्या मानसांना वाचवलाव. मीठपानी घ्या, बाय." आणि हात जोडले. मला!

साहेबांशी बोलेन म्हणून मी मान डोलावली. बोंबील ठेवून घेतले. तो जिना उतरून गेला. साहेबांची केबिन दहा पावलांवर होती. पण जागा मागायची तर तो कोण हे सांगावं लागलं असतं, आणि मग देवाशेजारचं ते कात्रण उतरवावं लागलं असतं. मी गेले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. बोंबलांचं कालवण घरात सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं, मीही खाल्लं.

पुढच्या वर्षी बढती मिळाली. ती मी ऐटीत घेतली, पेढे वाटले. परत मे आला. अकराच्या सुमाराला सहा नंबर लावला. उतार, शिरीषाचं झाड, खाली कुणी नाही. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. चालू होतं. रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं — 'सुरळीत'.