सुलीच्या गाडीचा आवाज

फोन अंजलीचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच बोलली पोरगी. सुलोचना गेली त्याला आता दीड महिना होत आला. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, काय शांत बाई होती हो! मी ऐकून घेते, पण मनात म्हणते, कुणाबद्दल बोलताय तुम्ही? सुली आणि शांत? जिची गाडी निघाली की निम्मं सोलापूर दुपारच्या झोपेतून दचकून उठायचं, ती सुली? माणूस गेलं की त्याला साखरेत घोळवायची आपल्याकडे रीतच आहे. मला ते जमणार नाही. आमची मैत्री शाळेच्या बाकावरची, आणि भांडणंही तेव्हापासूनचीच.

तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो, गिरण्यांना विजेची कामं करून द्यायचे. मूळचे सीमेवरच्या मैंदर्गी गावचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. गिरणीतला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत निघाला तेव्हा अप्पांनी त्याची गाडी घेऊन टाकली. दोन दारं, लांबच लांब नाक, आणि मागं बसायचं तर गुडघे हनुवटीला. ही ग्रँड टूरिंग गाडी आहे, न थकता शेकडो मैल जाण्यासाठी बनवलेली, असं अप्पा येईल त्याला ऐकवायचे. प्रत्यक्षात ती जास्तीत जास्त मैंदर्गीपर्यंत जायची आणि परत यायची! सुली एकुलती एक. तिला अप्पांनी साडी नेसूनच गाडी शिकवली आणि गल्लीनं तोंडावर पदर घेऊन हसून घेतलं. दोघांनाही त्याची काडीची फिकीर नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी अप्पा गेले, बसल्या जागी. सुलीनं डोळ्यांतून टिपूस काढला नाही. अप्पांची कामं हातात घेतली, गाडीची किल्ली कमरेला लावली आणि कामाला लागली. पण गाडीचं वय झालं होतं. इंजिनाचा धूर मागं नेणारा पाइप आणि त्याला जोडलेला सायलेन्सर गंजून चाळण झाले होते. गाडी नुसती गुरगुरायची नाही, तर मधूनच बंदुकीसारखे बार काढायची. गल्लीतली पोरं "सुलूताईचं विमान आलं" म्हणून ओरडत पळायची, आणि ही बया वर हात करून त्यांना सलाम करायची!

मग ते घडलं. सुली मैंदर्गीला निघाली होती, आणि गावाच्या तोंडाशी समोरून अप्पांचे धाकटे भाऊ, शिवप्पाकाका, बैलगाडी घेऊन येत होते. सुलीच्या गाडीनं नेमका तेव्हा बार काढला. बैल बुजले, उधळले, बैलगाडी उलटली आणि काकांचा उजवा हात मोडला. अप्पांच्या मागं सुलीला वडिलांच्या ठिकाणी उरलेला हा एकच माणूस, आणि त्याचाच हात तिच्या गाडीपायी गळ्यात बांधला गेला.

त्या बांधलेल्या हातानंच काका सोलापूरला आले. मी तिथंच होते. आरडाओरडा नाही, काही नाही. चहाची बशी डाव्या हातानं सावरत म्हणाले, "यव्वा, माझ्या भावाची गाडी मला जड न्हाय. पर गावात लेकरंबाळं हाईत. आज माझा हात गेला, उद्या कुणाचं काय जाईल? पुण्याचं एक गिऱ्हाईक हाय. दिऊन टाक."

"काका, दोष गाडीचा न्हाय, पाइपाचा हाय. मी पाइप बदलते की."

काकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. माझा हात बसला की तू गाडी घिऊन गावात ये. हेच बैल घिऊन मी वेशीत उबा ऱ्हातो. बैल बुजले न्हाईत तर गाडी तुझी. बुजले तर तितंच गिऱ्हाईकाच्या हातात किल्ली द्यायची. हाय कबूल?"

"व्हय. कबूल."

मी कपाळाला हात लावला. काका गेल्यावर तिला चांगलं फैलावर घेतलं, अगं, बैल काय तुझं ऐकणार आहेत का? तर ती म्हणाली, "ही गाडी गेली तर अप्पा दुसऱ्यांदा जातील. कळतंय का तुला? आणि काकाचं न ऐकता ठेवली तर काका जाईल. मला दोन्ही पायजेत."

परदेशी गाडीचे सुटे भाग तेव्हा मिळत नव्हते. आयातच बंद होती. मग आम्ही गाठलं बाशाभाईंना. विजापूर वेशीकडं त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, ट्रकचे सायलेन्सर हा त्यांचा हातखंडा, आणि बढाया हा दुसरा. "अक्का, फिकर नक्को करो," म्हणाले, "कंपनीवाले भी देखते रहना ऐसा बनाता." गिरणीच्या भंगारातली बॉयलरची नळी आणली, ट्रकचा सायलेन्सर कापून आखूड केला. खरी मेख होती नळी वाकवण्यात. गाडीच्या पोटाखाली इतकी वळणं, की नळी नुसतीच वाकवली तर चेपून चपटी होणार. म्हणून ती वाळूनं ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या, म्हणजे बुचं, ठोकायची आणि भट्टीत लाल करून वाकवायची. वाळू मात्र ठणठणीत कोरडी पाहिजे. बाशाभाईंनी भरली बांधकामावरची. त्यात ओल राहिली, वाफ धरली, आणि गुडदी जी सुटली ती पत्र्याचं छप्पर फोडून आभाळात! बाशाभाई भट्टीमागं आडवे, मी हौदामागं. आणि सुली? ती कमरेवर हात ठेवून छपराच्या भोकाकडं बघत उभी.

"भडभुंज्याची वाळू आणू या," ती म्हणाली. "रात्रंदिवस भट्टीवर भाजत असते. त्या वाळूत पाण्याचा थेंब निघाला तर नाव बदलीन."

अक्कल बघा! शेंगदाण्या-फुटाण्यांना सोलापुरात काय तोटा, मग त्यांची वाळू सायलेन्सरला का नको? भडभुंज्यानं वेड्यासारखं बघत एक बादली वाळू दिली. नळी भरली, तापवली, लोण्यासारखी वाकली. दुकानात खमंग खाऱ्या शेंगदाण्यांचा वास सुटला. आम्हाला तिघांनाही अशी भूक लागली म्हणून सांगू... पण तो वास खारा का, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. वाळू ठोकून ठोकून सांडली, पाइप बसवला, गाडी चालू केली. आवाजच नाही! इंजिन चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागलं. "देखा?" बाशाभाई म्हणाले, "बिल्ली चलरी समझो!" सुलीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिच्याविरुद्ध पैज लावली होती.

काकांचा हात बसल्याचा निरोप आला. आम्ही निघालो, सुली, मी, आणि मागं गुडघे हनुवटीला लावून बाशाभाई, कारण स्वतःचं काम वेशीत बघायची त्यांना हौस. वाटेतलं वळसंग जवळ येईपर्यंत सगळं लोण्यासारखं. मग गाडी जड झाली. पाय दाबावा तरी पुढं सरकेना, इंजिन तापलं, जळका वास आला, आणि एका विहिरीपाशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. सुलीनं पदर खोचला आणि बाशाभाईंच्या आधी गाडीखाली गेली. पाइप सोडवून आपटला तर वळणावळणाला दगडासारखे खडे. भडभुंज्यानं त्या दिवशी खारे दाणे भाजले होते, वाळूत मीठ होतं, आणि भट्टीत मीठ वितळून वाळू आतल्या आत थापली गेली होती. म्हणजे गाडी शांत नव्हती हो, तिचा गळा दाबला गेला होता!

विहिरीचं पाणी ओतून, आत साखळी घालून खसाखसा ओढून तो पाइप मोकळा केला. बाशाभाई एकही बढाई न मारता राबत होते, त्यावरून काय ते समजा. पाइप पुन्हा चढवला, गाडी चालू झाली, आणि आवाज आला. बार नाही, फटफट नाही, पण चांगला भरदार, घुमणारा आवाज. मी म्हटलं, "सुली, वेशीच्या अलीकडं उतार आहे. तिथं इंजिन बंद कर. गाडी आपोआप वेशीत जाईल. कुणाला कळायचं नाही."

"हौ अक्का, सही बोलरे बाई," मागून बाशाभाई.

सुली चिडली की गावचं बोलायची. "अप्पांची गाडी चोरावाणी गावात न्यायची? आन् उद्या? परवा? दरवेळी उतारावर इंजिन बंद करू व्हय? जो आवाज हाय तो काकानं ऐकलाच पायजे. त्याचा हात मोडलाय." पुढं वेशीपर्यंत किल्लीवर मात्र तिचा हात सारखा जात होता.

वेशीत गाव जमलं होतं. पुण्याचं गिऱ्हाईक सफारी घालून पारावर बसलेलं. आणि मधोमध काका, दोन बैलांच्या मधे, दोन्ही कासरे त्याच उजव्या हातात धरून. गडी म्हणत होता, मी धरतो मालक, पण काका त्याला मागं सारत होते. सुलीनं गाडी सरळ नेली. बैल रवंथ करत उभे. जवळ नेली. उभेच. ही भवानी एवढ्यावर थांबेल कशाला? तिनं जागच्या जागी इंजिन घुमवलं, चांगलं कचकचून! पारावरची चिमणीपाखरं उडाली. एका बैलानं शेपटी हलवली, बस्स.

"बगितलं का रं?" काका गावाला ऐकू जाईल असे ओरडले. "दगडावाणी उबे हाईत! पाव्हणं, च्या घ्या आन् निगा. गाडी आमच्या पोरीची हाय."

गाव हसलं, बाशाभाईंनी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घ्यायची बाकी ठेवली. सुली बैलांना गूळ द्यायला खाली उतरली. एकाच्या मानेवरून हात फिरवत वर नेला, आणि कानापाशी तिचा हात थांबला. मी तिच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. बैलाच्या कानात कापूस होता. बोटभर नव्हे, मूठभर, दाबून दाबून भरलेला. दुसऱ्याच्याही तसाच. सुलीनं काकांकडं पाहिलं. काका आभाळाकडं बघायला लागले.

"औंदा गोमाश्या लई झाल्यात," ते म्हणाले. "कानात शिरत्यात."

एका कानातला कापूस सुलीनं अलगद काढला, मुठीत धरला आणि वाकून काकांच्या पाया पडली. काकांनी त्या बसलेल्या हातानं तिला उठवलं...

परतताना त्याच विहिरीपाशी तिनं गाडी थांबवली. मूठ उघडली आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडली, अगदी ढसाढसा, लहान पोरासारखी. बाशाभाई बिचारे खाली उतरून लांब जाऊन उभे राहिले. "बुजले असते तर परत त्याचाच हात मोडला असता गं," म्हणाली. "तरी सोता उबा ऱ्हायला." मग नाक पुसून म्हणाली, "काकाला परत कापूस घालायला लावायची न्हाय मी." आणि खरंच, पुढं उभ्या आयुष्यात त्या पाइपाला भोक पडायच्या आत ती नवा करून घ्यायची. काका थकल्यावर तिच्या शेजारी पुढं बसून दवाखान्यात जायचे आणि वाटेतल्या बैलगाड्यांना हात करायचे.

परवा अंजली आणि मी गाडी झाडायला बसलो. इंजिन दोनदा नवं झालं, चाकं, काचा, गाद्या, रंग सगळं बदललेलं. पुढच्या खणात हात घालून अंजलीनं एक पिवळा पडलेला कापसाचा बोळा काढला, त्याला तांबडे केस चिकटलेले.

"मावशी, हा कसला घाण कापूस? टाकून देऊ?"

मी तो तिच्या हातातून घेतला आणि होता तिथं ठेवून खण लावला.

"राहू दे," म्हटलं. "तुझ्या आईनं या गाडीचं सगळं बदललं, तेवढं सोडून."