साच्याला लागलेली हळद

दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी एका फ्रेंच माणसाचा बोटींचा कारखाना होता आणि तिथल्या साच्यांवरचा मुख्य माणूस होता दाभोळचा भिवा. बाकीच्यांची तोंडं चालायची, भिवाचे हात.

मालकाचं नाव लोईक. त्याचे आजोबा फ्रान्सच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचे. मासे आटले तसं वडिलांनी हौशी लोकांसाठी शिडाच्या बोटी करायला घेतल्या. पुढे लोईकने लाकूड सोडून फायबर धरलं, आणि तिकडची गिऱ्हाइकंही आटली तेव्हा त्र्याण्णव साली सगळे साचे जहाजात घालून तो इकडे आला. ही कुळकथा तो जेवणाच्या सुट्टीत मोडक्या हिंदीत इतक्यांदा सांगायचा की कामगारांना त्याच्या आजोबांचा खोकलासुद्धा पाठ झाला होता. भिवाला मात्र ती कधी जुनी वाटली नाही. त्याचा बापही होड्याच बांधायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भिवाच्या सोनमचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. भिवाने सुट्टी मागितली आणि लोईकने नाही म्हटलं. एका बड्या अरबाची बोट नेमकी त्याच आठवड्यात द्यायची होती आणि साच्यावर भिवाशिवाय पान हलत नव्हतं. भिवाने मान डोलावली. मान डोलावण्यात आपली माणसं भारी पटाईत.

लग्नाच्या आठवडाभर आधी दाभोळला मुहूर्ताची हळद दळली जात होती, आणि त्याच सकाळी भिवा रिकाम्या साच्यासमोर उभा होता. साचा म्हणजे उलटी बोट. त्याला आतून मेण घासायचं, त्यावर पांढरा रंग फवारायचा आणि मग फायबरचे थर चढवायचे. बाप होडीची पुढची फळी ठोकण्याआधी तिला हळदीचं बोट लावायचा, ते भिवाला आठवलं. खोलीवरच्या डब्यातली चिमूटभर हळद त्याने पुडीत बांधून आणली होती. ती पाण्यात कालवून त्याने साच्याच्या टोकाला अंगठा टेकला आणि मनात लेकीचं नाव घेतलं. वर रंग बसेल, झाकून जाईल, असं त्याला वाटलं. साच्याला जे पहिलं लागतं तेच बोटीचं बाहेरचं अंग होतं, हे दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाच्या ध्यानातून तेवढं निसटलं. लेकीच्या बापाचं चित्त त्या घडीला थाऱ्यावर नसतंच.

लग्नाच्या आदल्या सकाळी बोट साच्यातून निघाली. पांढरीशुभ्र, आणि नाकावर पिवळाधम्मक अंगठा.

भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. व्हिसा मालकाच्या हातात आणि अजून मांडवाचं देणं डोक्यावर.

“ये किसने किया?” फोरमन इद्रीसने विचारलं.

“मैंने.”

“खलास,” इद्रीस पुटपुटला.

लोईक आला. त्याने बोटाने घासून पाहिलं, डाग हलेना. “ये क्या, भिवा?”

“हल्दी, साब. बेटी की शादी है. मैं नहीं गया, तो…” पुढचं हिंदी भिवाला सुचेना. मराठीही सुचलं नसतं.

लोईक मनाशी हिशेब करू लागला. घासून काढावा तर रंगाचा थर उडणार, पुन्हा फवारावं तर दिवस हाताशी नव्हते.

“धूप में रखो साब,” भिवा म्हणाला. “हल्दी धूप में उड़ जाती है. घर में कपड़े का दाग ऐसे ही निकालते.”

बोट अंगणात काढली. मे महिन्याचं तिथलं ऊन म्हणजे भट्टीच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डाग फिकटायला लागला. नोकरी वाचणार हे दिसत होतं, पण भिवाला तिकडे बघवेना. गावी आत्ता सोनमला हळद लागत असेल, आणि इथली त्याच्या डोळ्यांदेखत उडून चालली होती.

“शादी कब?” मागून लोईकचा आवाज आला.

“कल, साब.”

लोईक आत गेला आणि ताडपत्री घेऊन आला. कुणाला न सांगता त्याने ती स्वतः बोटीच्या नाकावर टाकली आणि दोरीने बांधली. त्याच्या आजोबांकडून आलेली गाठ असावी, चांगली घट्ट होती.

“धूप शादी के बाद,” तो म्हणाला. “सॉरी, भिवा.”

दुसऱ्या दिवशी लोईकच्याच ऑफिसातून भिवाने दाभोळला फोन लावला. लग्न लागलं, असं बायकोने, कावेरीने सांगितलं, आणि लेक नुसतंच “बाबा” म्हणाली. मग भिवा अंगणात आला. त्याने स्वतःच्या हाताने गाठ सोडली, ताडपत्री ओढली आणि अंगठ्यावर ऊन पडू दिलं. तेव्हा मात्र तो पोटभर रडला.