तिल्काचं लाकूड

आधीच सांगून टाकतो, तिल्काशी माझं कधी पटलं नाही. चाळीस वर्षं आम्ही शेजारी, मधे फक्त एक सफरचंदाचं झाड, आणि त्या झाडाची कुठली फांदी कुणाची यावरूनही आमची बोलाचाली झालेली आहे. पण आमच्या डोंगर मंडळाची सप्टेंबरातली सहल म्हणजे तिल्का, हे मीसुद्धा कबूल करतो. न करून सांगतो कुणाला!

मंडळाला अध्यक्ष असतात, येतात आणि जातात. सध्या प्रिमोझ नावाचा शाळामास्तर आहे, बिचारा सज्जन. पण सहल ठरवते ती तिल्का. एकतीस वर्षं तिने या दरीत पायी टपाल वाटलं, त्यामुळे कुणाच्या पायांत किती दम आहे ते तिला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. ऑगस्ट संपत आला की तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा उलगडतो. चार कोपऱ्यांवर काकडीच्या लोणच्याच्या चार बरण्या. मग तिचा तो कागद तयार होतो. बेकरीसमोरून पावणेसातला बस. अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, कुणी भाजून आणायची, जादा मोजे कुणी घ्यायचे, कुणाच्या मागे कुणी चालायचं. नवरा-बायकोचं बिनसलेलं असेल तर दोघांच्या मधे ती मुद्दाम सहा माणसं घालते. आणि मला दरवर्षी सगळ्यांत शेवटी.

"तुझ्या बडबडीनं मागे पडलेल्यांना सोबत होते, विन्को," म्हणते. "पुढे ठेवलं तर उद्यानातलं एक जनावर दिसायचं नाही."

जायचं ठिकाण ठरलेलं, वरचं घर. झाडी संपते तिथं दगडालाकडाचं विसाव्याचं घर आहे, खालून अडीच तासांची चढण. तिथवर गाडी जात नाही, म्हणून पायवाटेच्या तोंडाशी सरपणाची रास रचून ठेवलेली असते. येणाऱ्याने त्यातलं एक लाकूड उचलायचं, वर न्यायचं, की चहा फुकट. तिल्का याबाबतीत फार कडक. लाकूड नाही तर चहा नाही. "चूल आपण पेटती ठेवली तरच ते घर आपलं," असं ती दरवर्षी रासेपाशी उभी राहून ऐकवते.

मी आजवर एकही लाकूड उचललं नव्हतं. अहो, चौतीस वर्षं सॉ मिलमध्ये लाकडंच उचलली, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच? मी हात हलवत वर जायचो आणि बिअर मागवायचो. की तिल्का सगळ्यांदेखत म्हणायची, "विन्कोला चहा देऊ नका गं, तो पाहुणा आहे." लोक दरवर्षी हसायचे. एकाच विनोदाला माणसं इतकी वर्षं कशी हसतात, मला कळत नाही.

यंदा मार्चमध्ये तिचा खुबा बदलला. वय शहात्तर. डॉक्टरने बजावलं, सपाट रस्त्यावर हवं तेवढं चाला, पण दगडधोंड्यांची वाट या वर्षी नाही. आणि ऑगस्टअखेर मी सहज झाडाआडून डोकावलो, तर टेबलावर नकाशा! चार बरण्यांसकट!

मंडळात सगळ्यांचं धाबं दणाणलं. प्रिमोझ टोपी हातात घेऊन माझ्या दाराशी आला. "विन्कोकाका, तुम्हीच बोला. तुम्ही तिल्काबाईंना घाबरत नाही."

"कोण म्हणतं असं?" मी म्हटलं. पण गेलो.

"ये. बूट काढ," तिल्का म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

"मी काय म्हणतो, तिल्का, या वर्षी तळ्यावर जाऊ या का? होडीत बसू, ताजे मासे खाऊ."

"तळ्यावर बदकं फिरतात. आपलं डोंगर मंडळ आहे का बदक मंडळ?"

"अगं, पण तुझा पाय…"

"पाय माझा आहे. तू तुझ्या जिभेकडे बघ. कॉफी घेणारेस?"

कॉफी घेतली. ती नकाशावर बोट ठेवून वाट चालत होती. "ओढ्यावरची फळी कुजली होती, बदलली का ते विचारायला हवं," असं काहीतरी पुटपुटत होती. दरवर्षी सहलीच्या आठवडाभर आधी ती एकटी वर जाऊन सगळी वाट बघून यायची. यंदा नुसतं बोट चाललं होतं. झऱ्यापाशी ते थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच. मला तिच्याकडे बघवेना. कॉफी तशीच टाकून मी उठलो.

आणि बाहेर येऊन अस्सल गाढवपणा केला. प्रिमोझला म्हटलं, तिला सांगून टाक, वरच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, घर बंद आहे. मग तळ्याशिवाय पर्याय नाही. तो मास्तर माणूस, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. तरी जाऊन सांगून आला. अर्ध्या तासाच्या आत तिल्काने उर्शाला फोन लावला. वरचं घर उर्शा सांभाळते. ती पोरगी म्हणाली, "कसलं छप्पर, आजी? ठणठणीत आहे. तुम्ही कधी येताय ते सांगा."

आता तिल्का माझा उद्धार करणार, म्हणून मी तयारीत होतो. ती काठी टेकत सफरचंदाच्या झाडापर्यंत आली. प्रिमोझच्या डोक्यातून असलं काही निघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"विन्को," ती म्हणाली, "चाळीस वर्षं तू मला काय हवं ते तोंडावर बोललास. खोटं आजच बोललास."

एवढंच म्हणाली आणि परत फिरली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने टेबलावरचा नकाशा गेला, खिडकीचा पडदाही ओढला गेला.

दोन आठवडे झाले तरी बेकरीच्या दाराशी मंडळाच्या फळ्यावर कागद लागला नाही. लोक पाव घेताना आधी फळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. माझी बायको म्हणाली, "जा आणि माफी माग. नाहीतर मीही बोलणार नाही." गेलो. दार वाजवलं. "तिल्का, चुकलो."

"ऐकलं," आतून आवाज आला. दार काही उघडलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. भांडायला माणूस समोर नसलं की दिवस काही केल्या संपत नाही.

आणि गुरुवारी कागद लागला! तेच टपाल खात्याचं ठसठशीत अक्षर. ठिकाण, वरचं घर. बस पावणेसातला. तेवीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे किती लाकडं न्यायची त्याचा आकडा. सगळ्यांपुढे एक. माझ्यापुढे दोन. पहिलं नाव तिल्काचं, आणि तिच्यापुढे शून्य.

बेकरीत कुजबुज सुरू झाली. तिल्का लाकडाशिवाय? म्हणजे ओझं न घेता चढायचा बेत दिसतोय! प्रिमोझने डोंगर बचाव पथकाचा नंबर वहीत लिहून घेतला. मी तिला विचारायचं धाडस केलं नाही.

शनिवारी ती बसमध्ये पहिल्या सीटवर होती. बुटांना मेण लावलेलं, पाठीवर पिशवी. पायवाटेच्या तोंडाशी उतरलो तर तिने पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, रासेशेजारी मांडलं आणि त्यावर बसली.

"बघताय काय? रांग लावा."

मग ती एकेकाला लाकूड काढून द्यायला लागली. माणूस बघायची, रास बघायची, बोटाने टकटक करून लाकूड निवडायची. मास्तरला मध्यम, धापा टाकणाऱ्या बेकरीवालीला अगदी हलकं. शेवटी मी. मला बीच झाडाचा भला जाड तुकडा दिला. "हे तुझं. इतक्या वर्षांची थकबाकी आहे, म्हणून जाड." मग एक बेताचं, चांगलं वाळलेलं लाकूड तिने आधीच बाजूला काढून ठेवलं होतं ते उचललं. ते क्षणभर मांडीवरच राहिलं. "आणि हे माझं."

"आणि तू?"

"मी इथे बसणार. डॉक्टरनं सांगितलंय ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू कॉफीला आलास ना, त्याच्या आधीच ठरवलं होतं मी, विन्को. फक्त ते माझं मला सांगायचं होतं. तुम्ही तेवढंही ठेवलं नाहीत."

दोन्ही लाकडं काखोटीला मारली आणि वाटेला लागलो. अख्खी चढण मी कुरकुरलो, ते खोटं कशाला सांगू? लाकूड बरगडीत रुततं. पण बेकरीवाली म्हणाली, "काका, ते जाड मला द्या थोडा वेळ," तर दिलं नाही. झऱ्यापाशी थांबलो. तिथून खाली रस्त्याकडेला तिचं लाल जाकीट बोटाच्या नखाएवढं दिसत होतं. तिला दिसत असेल-नसेल, मी तिचं लाकूड वर धरून हलवलं.

वर उर्शाने दोन्ही लाकडं घेतली, माझ्यादेखत चुलीत सारली आणि काही न विचारता दोन कप चहा ओतला. मी माझा प्यालो. आयुष्यातला तिथला पहिला चहा. नुसता गोडमिट्ट. दुसरा थर्मासमध्ये भरून घेतला. कुणी हसलं नाही.

तीन वाजता खाली आलो. तिल्का त्याच स्टुलावर, बसच्या ड्रायव्हरला पुढच्या रविवारी बायकोला घेऊन कुठे जायचं ते समजावून सांगत होती. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला.

"कोमट आहे," ती म्हणाली, आणि थेंबन् थेंब प्याली. "माझं लाकूड चुलीत गेलं?"

"माझ्यासमोर."

"तडतडलं?"

"चांगलं तडतडलं."

तिने मान हलवली, डोळे पुसले, आणि ते मी बघितलं म्हणून माझ्यावर खेकसली. मग यादीचा कागद उलटा केला, पिशवीतून पेन्सिल काढली आणि वर पुढच्या सप्टेंबरची तारीख घातली. खाली लिहिलं, विन्को, एक. त्याखाली लिहिलं, तिल्का, आणि पेन्सिल थांबली. ती तशीच माझ्या हातात दिली.

मी लिहिलं, एक, लहान.

तिने पेन्सिल हिसकावून घेतली आणि 'लहान' खोडलं.